नेम आणि शिस्त : मृगयेपूर्वींचा धनुरभ्यास

पुण्याहून नगरच्या रस्त्यास लागलें म्हणजे कांहीं कोसांवर वाघोली लागते. इ. स. २०२१ पासून हें गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें असलें, तरी इतिहासाच्या अभ्यासकांस तें पिलाजीराव जाधवरावांचें गांव म्हणूनच परिचित आहे. थोरल्या बाजीरावांच्या कारकीर्दींत गाजलेल्या या सरदारानें १७३७ च्या मार्चांत मल्हारराव होळकरांसह यमुना ओलांडून दुआबांत धडक मारली होती. त्यांची समाधि व वाघेश्वराचें देवालय पाहावयास आजहि लोक येतात. गांवाच्या आणि देवाच्या, दोहोंच्याहि नांवांत वाघ असल्यामुळें बोलणें सहजच शिकारीकडे वळतें. आणि मग जुन्या वीरांच्या तिरंदाजीविषयीं एक विधान हटकून ऐकूं येतें: ‘ते लोक रानांत हिंडून शिकार करीत, म्हणूनच त्यांचा नेम पक्का असे.’

हें विधान केवळ गप्पांतलें असतें, तर त्याचा परामर्श घेण्याचें कारण नव्हतें. परंतु ‘मृगया ही धनुर्विद्येची शाळा’ हें मत लिहिणाऱ्यांच्या लेखांतहि सिद्धांताप्रमाणें गृहीत धरलेलें आढळतें. धनुर्वेदाचें जें वाङ्मय आज छापून उपलब्ध आहे, तें पाहिलें असतां मला याच्या अगदीं उलट दिसतें. त्या ग्रंथांच्या मतें शाळा अगोदर, रान मागाहून. शिकार ही नेम शिकण्याची जागा नसून शिकलेल्या नेमाची कसोटी होय. आणि ज्याचा हात अद्याप बसला नाहीं त्यानें सजीव लक्ष्यावर बाण सोडूं नये, हा नियम त्या ग्रंथांच्या रचनेंतच गर्भित आहे. हें सप्रमाण दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. अग्निपुराणाचे २४९ ते २५२ हे अध्याय धनुर्वेदपर आहेत. हें पुराण आनंदाश्रम ग्रंथावलींत १९०० सालीं पुण्यासच छापलें गेलें. दुसरें साधन शार्ङ्गधरपद्धति. हा सुभाषितसंग्रह इ. स. १३६३ चा, पीटर पीटरसन यांनीं तो १८८८ त मुंबई संस्कृत मालेंत प्रसिद्ध केला. सुभाषितांच्या या भांडारांत धनुर्वेदाचें एक सविस्तर प्रकरण आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. तिसरें साधन म्हणजे वसिष्ठाच्या नांवावर चालणारी धनुर्वेदसंहिता. तिच्यांतील बरेच श्लोक शार्ङ्गधरपद्धतींतल्या श्लोकांशीं जुळतात. कोणी कोणाचें घेतलें हा वाद बाजूस ठेवून पुढें मी दोहोंचें मत एकत्र देत आहें. चौथें साधन आपल्या मुलखास सर्वांत जवळचें: कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास, शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ चा. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख ज्या ग्रंथांत आहे, तोच हा. गजानन श्रीगोंडेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून तीन भागांत बाहेर पडला.

आतां पूर्वपक्ष मांडूं. मृगयेच्या बाजूनें दोन मोठे साक्षीदार पुढें केले जातात. पहिला कौटिल्य. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत द्यूत आणि मृगया यांपैकीं अधिक वाईट व्यसन कोणतें, याची चर्चा करतांना त्यानें मृगयेचे गुण सांगितले आहेत: व्यायाम होतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर आणि चल शरीरांवर लक्ष्याचा परिचय होतो, आणि क्रुद्ध व भयभीत जनावराचें मन कळूं लागतें. दुसरा साक्षीदार कालिदास. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति दुष्यंतापुढें मृगयेची अशीच वाखाणणी करतो आणि हलत्या लक्ष्यावर बाण लागणें हा धनुर्धराचा उत्कर्ष होय असें म्हणतो.

या दोन्हीं साक्षी नीट तपासल्या पाहिजेत. सेनापति हा राजाच्या छंदाची तरफदारी करणारा आश्रित आहे. त्याच अंकांत विदूषक शिकारीपायीं झालेले हाल रडून सांगतो. नाटकांतील पात्राचें भाषण म्हणजे शास्त्राचा निर्णय नव्हे. शिवाय तो ज्यास उत्कर्ष म्हणतो ती विद्येची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. कौटिल्याची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. शस्त्रविद्येचें शिक्षण त्यानें कोठें सांगितलें? पहिल्या, म्हणजे विनयाधिकारिक अधिकरणांत. राजपुत्रानें दिवसाच्या पूर्वभागांत हत्ती, घोडे, रथ व प्रहरणें यांच्या विद्येंत विनय संपादावा, असें तेथें आहे. आणि मृगया कोठें आली? आठव्या अधिकरणांत, व्यसनांच्या यादींत. एक विषय विनयांत व दुसरा व्यसनांत ठेवणाऱ्या ग्रंथकारास दुसरा हा पहिल्याची शाळा वाटत होता, असें म्हणवत नाहीं. त्यानें वापरलेला शब्दहि ‘परिचय’ हा आहे. परिचय म्हणजे ओळख. ती शिकलेल्यास होते, न शिकलेल्यास नव्हे. मनूनेंहि सातव्या अध्यायांत मृगयेस कामज व्यसनांत घालून मद्य, द्यूत व स्त्रिया यांच्या पंक्तीस बसविलें आहे.

मानसोल्लासाची मांडणी याच अनुक्रमाची आहे. राजाच्या वीस विनोदांत शस्त्रविनोद अगदीं प्रथम येतो. तेथें राजा आपलें शस्त्रकौशल्य लोकांसमक्ष दाखवितो. मृगयेचें प्रकरण कितीतरी पुढें, ससाण्यांच्या व मासे धरण्याच्या विनोदांनंतर येतें. जो राजा मृगयेस निघतो तो सभेंत अगोदरच पारखला गेलेला आहे.

आतां प्रत्यक्ष अभ्यास कसा सांगितला आहे तें पाहूं. आरंभ धनुष्याच्या निवडीपासून होतो, आणि येथेंच या शास्त्राचें शहाणपण दिसून येतें. अभ्यासाचें तें यौगिक धनुष्य निराळें व लढाईचें निराळें. धनुष्याची लांबी चार हात, चोवीस अंगुळांचा एक हात. धनुष्य आपल्या बाहुबळाहून किंचित् कमी जोराचें असावें. माणूस धनुष्याहून बळकट असावा, धनुष्य माणसाहून बळकट नसावें. याचें कारणहि ग्रंथकारानें दिलें आहे: धनुष्य ओढतांना ज्याचा जीव मेटाकुटीस येतो, त्यास लक्ष्य दिसतच नाहीं. नवशिके सर्व काळीं एकच चूक करीत असावेत. भारी धनुष्य हातीं धरण्याची हौस त्यांस आवरत नसावी. नेम चुकण्याचें पहिलें कारण डोळ्यांत नसून खांद्यांत आहे, हें त्या ग्रंथकारांनीं ओळखलें होतें.

पायदळाच्या व रथाच्या योद्ध्यास बांबूचें धनुष्य, हत्तीवरील व घोड्यावरील स्वारास शिंगाचें, अशी वांटणी आहे. बांबूचीं पेरीं तीन, पांच, सात किंवा नऊ असावींत. बांबू फार जून नसावा, कोंवळाहि नसावा. दोरी रेशमाची, स्नायूची, पिकल्या बांबूच्या सालीची किंवा भाद्रपदांत काढलेल्या रुईच्या सालीची चालते. यांतील बांबूच्या सालीची दोरी हा केवळ पोथींतला प्रकार नव्हे. खानदेशांत सातपुड्याच्या भिल्लांच्या कामठ्यास बांबूच्याच कांबीची दोरी लावण्याची चाल आहे. पोथींत लिहिलेलें आणि डोंगरांत न लिहितां चालत आलेलें असें एकमेकांस मिळतें, तेव्हां पोथीचा लेखक केवळ कल्पनेनें लिहीत नव्हता असा भरंवसा वाटतो.

बाणांविषयीं असेंच आहे. बोरू शरदांत घ्यावा. लांबी दोन हातांस मूठभर कमी, जाडी करंगळीएवढी. पिसें चार, सहा सहा अंगुळें लांब. पुढें जाड असलेला बाण स्त्रीजातीचा, तो दूर जातो. मागें जाड असलेला पुरुषजातीचा, तो भेद करतो. आणि सर्वत्र सारखा असलेला नपुंसक, तो लक्ष्याभ्यासास उत्तम. हें वर्गीकरण वाचून पुष्कळांस हसूं येतें. पण त्याचें मर्म व्यवहाराचें आहे. अभ्यासाचा बाण सारखा व समतोल असला, तरच चूक बाणाची कीं हाताची याचा निवाडा होतो. दर खेपेस निराळा बाण लावणाऱ्यास आपली चूक कधींच सांपडत नाहीं.

साधनें सिद्ध झाल्यावर शरीर. उभें राहण्याचीं स्थानें आठ: आलीढ, प्रत्यालीढ, विशाख, समपाद इत्यादि. दोरी धरण्याच्या मुठी पांच: पताका, वज्रमुष्टि, सिंहकर्ण, मत्सरी व काकतुंडी. ओढीस ‘व्यय’ अशी संज्ञा असून तिचेहि पांच प्रकार आहेत. हात केसांच्या मुळाशीं, शृंगाशीं, कानाशीं, मानेशीं कीं खांद्याशीं येऊन थांबतो त्यावरून त्यांचीं नांवें पडलीं आहेत. यांपैकीं कोणताहि व्यय घेतला तरी हात येऊन थांबण्याची जागा नेमलेली आहे. ती दर बाणास पालटून चालत नाहीं. ओढतांना श्वास आंत घ्यावा, धरतांना रोखावा व हुंकारासरसा बाण सोडावा, असा प्राणायामाचाहि जोड दिला आहे. इंग्लंडांत रॉजर अ‍ॅस्कम यानें १५४५ सालीं आपल्या धनुर्विद्येवरील ग्रंथांत उभें राहणें, बाण लावणें, ओढणें, धरणें व सोडणें हीं पांच अंगें सांगितलीं. स्थान, संधान, व्यय व मोक्ष या आपल्या क्रमाशीं तीं सहज जुळतात. दोन्हीं देशांस एकमेकांची पोथी ठाऊक नव्हती. मनुष्याचें शरीर मात्र एकच होतें.

यानंतर श्रम. धनुर्वेदांत अभ्यासास ‘श्रम’ हाच शब्द आहे, ‘क्रीडा’ नव्हे. प्रथम डाव्या हातानें श्रम करावा, मग उजव्या, मग दोन्हीं हातांनीं. सकाळीं लक्ष्य पश्चिमेस मांडावें, दुपारनंतर पूर्वेस, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाहीं. लक्ष्य पुरुषभर उंचीचें, त्यावर चंद्रक काढलेला. वरचा भाग वेधणारा श्रेष्ठ, नाभि वेधणारा मध्यम, पाय वेधणारा कनिष्ठ. अंतर साठ धनु श्रेष्ठ, चाळीस मध्यम, वीस कनिष्ठ. हें साध्या शरांचें. लोखंडी नाराचांस चाळीस, तीस व सोळा. एक धनु म्हणजे चार हात, सुमारें सहा फूट धरलें तर साठ धनूंचे ३६० फूट, चाळीसांचे २४० व विसांचे १२० होतात. आजच्या ऑलिंपिक स्पर्धेंत लक्ष्य ७० मीटरांवर, म्हणजे सुमारें २३० फुटांवर असतें. आपल्या ग्रंथांतील ‘मध्यम’ धनुर्धर आज तेथें उभा राहिला असता, तर त्यास जागा अनोळखी वाटली नसती.

बाणांची संख्याहि ठरलेली आहे. सूर्योदयीं व सूर्यास्तीं मिळून चारशें बाण सोडणारा श्रेष्ठ, तीनशें सोडणारा मध्यम, दोनशें सोडणारा कनिष्ठ. अशा रीतीनें मूठ सहा महिन्यांनीं सिद्ध होते, शर एका वर्षानें; नाराच तर ज्यावर ईश्वर प्रसन्न असेल त्यासच साधतात. अनध्यायहि सांगितले आहेत: अष्टमी, चतुर्दशी व अमावास्या. पहिल्याच बाणास दोरी तुटली, धनुष्य मोडलें किंवा साप दिसला तर त्या दिवशींचा श्रम बंद. हे अपशकुन म्हणून सोडून देण्याची आपणांस घाई असते. पण पहिल्याच बाणास दोरी तुटलेल्या माणसाचा हात त्या दिवशीं शंकित होतो, आणि शंकित हातानें केलेला अभ्यास म्हणजे चुकीचाच अभ्यास, हें तीस वर्षें मुलांकडून श्लोक घोकून घेतलेल्या शिक्षकास तरी पटावें. ज्यानें एकदां चुकीचा पाठ पक्का केला, त्याच्याकडून तो सोडविणें हें नवा शिकविण्याहून कठीण असतें.

सर्वांत मोलाचा भाग दोषचिकित्सेचा आहे. बाण डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खालीं जातो. या चार दुष्ट गतींचीं कारणें शोधलेलीं आहेत. धनुष्याची मूठ वर व दोरीची मूठ खालीं राहिली तर बाण लक्ष्य ओलांडून दूर जातो. सोडतांना धनुष्याची मूठ खालीं व दोरीची वर झाली तर बाण खालीं पडतो. लक्ष्य, बाणाचें टोंक व दृष्टि हीं तिन्हीं एका सुतांत आलीं म्हणजे बाण ढळत नाहीं. ‘नेम चुकला’ एवढेंच म्हणून हे ग्रंथकार थांबत नाहींत. कोणत्या हाताची कोणती मूठ चुकली तें विचारतात. अशी विचारपूस मैदानांतच शक्य आहे. रानांत बाण चुकला तर जनावर पळतें आणि कारणहि त्याच्याबरोबर पळून जातें. अर्धवट लागला तर जखमी जनावर झुडपांत शिरून तडफडत मरतें, आणि शिकणारा कांहींच शिकत नाहीं. शिकार ही शाळा कां होऊं शकत नाहीं, याचें उत्तर मला येथें मिळतें.

मग चार लक्ष्यें. धनुर्धर स्थिर व लक्ष्यहि स्थिर, तें स्थिर. धनुर्धर स्थिर पण लक्ष्य हलतें, तें चल. धनुर्धर हलतो व लक्ष्य स्थिर, तें चलाचल. दोघेहि हलतात, तें द्वयचल. रथांतून धांवत्या हरणामागें लागलेला दुष्यंत चौथ्या वर्गाचा विद्यार्थी आहे. पहिले तीन वर्ग न उतरतां चौथ्यांत बसण्याची सोय या शाळेंत नाहीं.

येथवर हाताचा विचार झाला. परंतु आपल्या महाकाव्यांचें लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे आहे. द्रोणानें कुरुकुमारांची परीक्षा घेतली तेव्हां झाडाच्या शेंड्यावर कारागिरांकडून करविलेला भास पक्षी ठेवला होता. जिवंत पक्षी नव्हे. आणि त्यानें प्रश्न विचारला तो ‘काय दिसतें?’ असा. झाड, भाऊ, गुरु सर्व कांहीं ज्यांस दिसत होतें त्यांस त्यानें बाण सोडूंच दिला नाहीं. केवळ डोकें दिसणाऱ्या अर्जुनास परवानगी मिळाली. त्याच आदिपर्वांत वाऱ्यानें दिवा विझला असतां अर्जुनाचा हात अंधारांतहि संवयीनें तोंडाशीं गेला, आणि त्यावरून त्यानें रात्रीचा अभ्यास आरंभिला, अशी कथा आहे. एकलव्यानेंहि मातीच्या गुरूपुढें आधीं अभ्यास केला. कुत्र्याच्या तोंडांतले सात बाण हें त्या अभ्यासाचें फळ होय.

आतां शिकारींत घडलेले तीन अनर्थ आठवा. दशरथानें रात्रीं शरयूच्या कांठीं घागर भरल्याचा शब्द ऐकून हत्ती समजून बाण सोडला व मुनिकुमार मारला. पंडूनें मृगरूपांत क्रीडा करणाऱ्या किंदम ऋषीस मारलें. जरा नांवाच्या व्याधानें श्रीकृष्णाचा पाय हरिण समजून वेधला. या तिन्हीं कथांत नेम चुकलेला नाहीं. तिघांचाहि बाण जेथें सोडला तेथेंच लागला. चुकली ती ओळख. शब्दवेधाचा अभ्यास धनुर्वेदांत सांगितला आहे, पण तो कसा? लक्ष्याच्या जागीं कांशाचें भांडें ठेवून त्यावर खडे मारावे, त्या नादाचा वेध घ्यावा. तेथें नादाच्या मागें भांडेंच आहे हें अगोदर ठाऊक असतें. दशरथानें मैदानांतली विद्या रानांत नेली, पण नादाच्या मागें काय आहे तें पाहण्याचा धीर नेला नाहीं. म्हणून मृगयेपूर्वींच्या अभ्यासाचीं अंगें दोन: हाताची खात्री आणि डोळ्याची खात्री. आपल्या पूर्वजांनीं पहिली शास्त्रांत लिहिली व दुसरी कथांत सांगितली.

यावर एक आक्षेप संभवतो. भिल्ल, वारली, कातकरी यांनीं कोणता धनुर्वेद वाचला होता? ते तर रानांतच शिकले. हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाहीं. भिल्लाच्या पोराच्या हातीं लहानपणींच लहानसें कामठें येतें. त्याचा श्रम सहा महिन्यांचा नसून सर्व बाळपणाचा असतो. शिवाय तो दुरून बाण टाकीत नाहीं, जवळ जातो. कॅलिफोर्नियांतील याही जमातीचा शेवटचा पुरुष इशी १९११ सालीं लोकांत आला. त्याचे वैद्य व मित्र सॅक्स्टन पोप यांनीं त्याच्याकडून धनुष्याची शिकार शिकून १९२३ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. दूरच्या रंगीत लक्ष्यावर इशीचा हात सामान्यच ठरे. परंतु दबकत अगदीं जवळ जाऊन सोडलेला त्याचा बाण वायां जात नसे. आजहि परदेशांत साध्या धनुष्यानें शिकार करणारे जाणते लोक बहुधा वीस यार्डांच्या आंतूनच बाण सोडतात. म्हणजे रानांतला माणूस अंतर कमी करून आपली खात्री वाढवितो. आपला हात किती धनूंपर्यंत खरा आहे हें ओळखून त्यापलीकडे बाण न सोडणें, हेंहि अभ्यासाचेंच फळ आहे. पोथी आणि रान यांचें येथें भांडण नाहीं.

या सर्व प्रकरणाचा साक्षीदार आपल्या भाषेंतच बसलेला आहे. मराठींत बाणाच्या रोखास दोन शब्द आहेत. एक ‘नेम’. नियम या संस्कृत शब्दाचें हें रूप. नेमानें देवळास जाणारा आणि नेम धरणारा, दोघांनाहि आपण एकच शब्द लावतों. दुसरा ‘शिस्त’. फारसींत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, त्यावरून दोरी ओढतांना अंगठ्यांत घालावयाची अंगुस्तरी, आणि त्यावरून रोख. जुन्या मराठींत ‘शिस्त धरणें’ म्हणजे नेम धरणें. वर्गांत ज्या शिस्तीचा आम्ही शिक्षक आयुष्यभर घोष केला, ती याच शब्दाची पुढची पिढी होय असें माझें मत आहे. एक शब्द संस्कृतांतून आला, दुसरा फारसींतून. दोहोंचा अर्थ ‘रोख’ व ‘नियमितपणा’ असा दुहेरी झाला. नियमावांचून नेम नाहीं, हा अनुभव ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या घेतला त्याच्याच तोंडीं असे शब्द बसतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी झाली, आणि ती योग्यच झाली. त्यामुळें मृगया हा आतां इतिहासाचा विषय उरला. श्रम मात्र जिवंत आहे. साताऱ्यास शिकलेल्या आदिती स्वामी व ओजस देवतळे यांनीं २०२३ सालीं बर्लिन येथें धनुर्विद्येचें जगज्जेतेपद मिळविलें. त्यांचें धनुष्य चाकांचें, आपल्या ग्रंथांतील धनुष्याहून सर्वस्वीं निराळें; पण रोज मोजून बाण सोडणें, एकाच जागीं ओढणें व चुकीचें कारण हातांत शोधणें, हें शिक्षण जुनेंच आहे.

शेवटीं पोथ्या जमविणाऱ्या मित्रांस एक विनंति. धनुर्वेदाचें बाड हातीं आलें म्हणजे अस्त्रांच्या मंत्रांचीं व दिव्य बाणांचीं पानें आपण आवडीनें जपतों. ज्या पानावर केवळ आंकडे, तिथि, मुठींचीं नांवें व ‘श्रम’ हा शब्द पुनःपुन्हां येतो, तें रुक्ष म्हणून मागें पडतें आणि पुष्कळदां सुटें होऊन हरवतें. वास्तविक या विद्येचा प्राण त्याच पानांत आहे. असें पान सांपडल्यास त्यांतील धनूंचे व बाणांचे आंकडे, अनध्यायाच्या तिथि आणि लक्ष्याचे प्रकार जसेच्या तसे उतरून घ्यावे. छापील पाठाशीं न जुळल्यास तर अधिकच काळजीनें घ्यावे, व नक्कल एखाद्या संग्रहास द्यावी. निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्यांतील हे आंकडे शेजारी शेजारी मांडतां आले, तर कोणत्या मुलखांत कोणतें धनुष्य किती अंतरावर विश्वासानें चालविलें जात असे, याचा निर्णय तर्कानें न करतां पुराव्यानें करतां येईल.